प्रथिनांचे लाडू का सुटतात, आणि फ्रिजमध्ये दगड का होतात

प्रश्न विचारणाऱ्या ताई इंदुरातल्याच आहेत. त्यांचा १९ वर्षांचा मुलगा गेल्या काही महिन्यांपासून व्यायामशाळेत जाऊ लागला आहे आणि बाजारात मिळणारे प्रथिनांचे तयार गोळे रोज विकत घेणे परवडत नाही, म्हणून त्यांनी ते घरी करून पाहिले. अख्खे ओट्स, चिरलेले बदाम, मध, खोबरेल तेल आणि व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या, प्रथिनांची भुकटी एकत्र केली, तेव्हा पहिल्या खेपेस लाडू हातातच सुटले. दुसऱ्या खेपेस मध वाढवला, लाडू वळले, पण फ्रिजमधून काढल्यावर दातांना दाद देईनात. लाडू वळत का नाहीत, वळलेले कडक का होतात, एका लाडवातून मुलाला खरोखर किती प्रथिने मिळतात आणि त्यात सोयाबीनचे पीठ घालता येईल का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत. मी १८ वर्षे आहारसल्ल्याचे काम करते आणि हे लाडू स्वतःच्या स्वयंपाकघरात शेकडो वेळा केलेले आहेत, त्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देते.

आधी आपला उपवासाचा दाण्याचा लाडू आठवावा. भाजलेले दाणे आणि गूळ खलबत्त्यात कुटून जो लाडू वळला जातो, त्याला पाक लागत नाही, तूप लागत नाही आणि वळताना चूलही पेटवावी लागत नाही. तरीही तो घट्ट वळतो, कारण कुटताना दाण्याचे तेल सुटते, त्या घर्षणाच्या उबेने गूळ मऊ होतो आणि गुळातला जेमतेम ओलावा दाण्याच्या बारीक कणांना एकमेकांशी बांधून ठेवतो. ओव्हन न लावता केलेला प्रथिनांचा गोळा याहून वेगळा काही नाही. त्यालाही पुरेसे बारीक कण, साखरेचा चिकट ओलावा आणि मऊपणा देणारे तेल या तिन्ही गोष्टी लागतात आणि त्यांतली एकही दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

येथेच बहुतेकांची चूक होते. लाडू सुटू लागला की हात आपोआप तुपाच्या भांड्याकडे जातो, कारण बेसनाच्या आणि रव्याच्या लाडवांची आपल्याला तशी सवय आहे. बेसनाचा लाडू तुपावर बांधला जातो हे खरे, परंतु तेथे तूप भरपूर असते आणि थंड झाल्यावर तेच थिजून लाडवाला धरून ठेवते. ओट्स, डाळे आणि भुकटी यांच्या मिश्रणात चमचा-दोन चमचे तूप वाढवले तर कण निसरडे होतात, एकमेकांना चिकटत नाहीत. तेलाचे काम मऊपणा देण्याचे आहे. बांधण्याचे काम खजूर, गूळ किंवा मध यांतल्या साखरेचे आणि तिला विरघळवणाऱ्या थोड्याशा पाण्याचे आहे. म्हणून मिश्रण सुटत असेल तर तूप न घालता एक लहान चमचा कोमट पाणी शिंपडावे आणि थांबावे. ते थांबणे महत्त्वाचे का आहे, हे कृतीच्या ओघात सांगते.

ताईंच्या पहिल्या खेपेत मध कमी होता असे त्यांना वाटले, पण माझ्या मते अडचण ओट्सची आणि बदामांची होती. ओट्सच्या अख्ख्या पाकळ्या चपट्या असतात, दाबल्यावर त्या एकमेकींवरून सरकतात आणि पुढच्या अर्ध्या तासात आजूबाजूचा ओलावा हळूहळू ओढून घेतात. बदामाचा मोठा तुकडा लाडवाच्या पोटात पाचरीसारखा बसतो आणि लाडू नेमका तेथूनच दुभंगतो. मिश्रणातला सर्वांत मोठा तुकडा ज्वारीच्या दाण्याएवढा असावा, हा नियम मी कटाक्षाने पाळते. ओट्स कोरडेच कढईत मंद आचेवर पाच-सहा मिनिटे भाजून, निववून, मिक्सरमध्ये जाडसर रव्यासारखे फिरवून घ्यावेत. भाजल्याने कच्चा वास जातो आणि पावसाळ्यात सादळलेले ओट्स पुन्हा कोरडे होतात.

आता प्रमाण सांगते. कृपया वाटीवर न जाता स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरावा, कारण कुटाची वाटी दाबून भरली की हलकी भरली यावर सगळे गणित बदलते. शेंगदाणे १५० ग्रॅम, चिवड्यात घालतो ते डाळे १०० ग्रॅम, ओट्स ५० ग्रॅम, तीळ ३० ग्रॅम, जवस २० ग्रॅम आणि बिया काढलेला खजूर १५० ग्रॅम घ्यावा. थोडे मीठ आणि वेलदोडा किंवा सुंठ आवडीप्रमाणे घालावी. मिठाची चिमूट मात्र वगळू नये, तिच्याविना खजुराचा गोडवा सपक लागतो. लागेल तसे दोन-तीन लहान चमचे कोमट पाणी धरून हे मिश्रण सुमारे ५२० ग्रॅम भरते आणि त्यात २५ ग्रॅमचे, म्हणजे छोट्या लिंबाएवढे, २० ते २१ लाडू होतात.

जिन्नस आणताना थोडी नजर लागते. इंदूरच्या सियागंज बाजारात घाऊक भावाने दाणे स्वस्त मिळतात, परंतु पाच किलो आणून चार महिने पुरवण्यापेक्षा महिन्याचेच आणावेत. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा वास असलेला किंवा चवीला कडू लागणारा प्रत्येक दाणा निवडून टाकून द्यावा. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष असू शकते आणि ते भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. डाळे ओळखीच्या भडभुंज्याकडचे ताजे मिळाले तर फार उत्तम. कच्चे बेसन या लाडवात कधीही घालू नये; डाळे मुळातच भाजलेले असल्यामुळे त्यांचे पीठ तसेच वापरता येते. खजुराच्या बाबतीत, किमिया म्हणून विकला जाणारा मऊ इराणी खजूर भिजवावा लागत नाही, पण त्यात ओलावा जास्त असल्यामुळे पाणी अजिबात घालू नये. दाबून बांधलेला कोरडा खजूर असेल तर तो बुडेल एवढ्या गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून निथळून घ्यावा आणि ते पाणी टाकून न देता बाजूला ठेवावे, कारण मिश्रणाला लागणारे चमचाभर पाणी त्यातूनच घेता येते. पाकिटावर ‘बिनबियांचा’ असे छापलेले असले तरी प्रत्येक खजूर उघडून पाहावा. आत एखादी बी किंवा कीड निघते, आणि ती मिक्सरच्या पात्यात किंवा मुलाच्या दाताखाली सापडण्यापेक्षा आपल्या बोटांना सापडलेली बरी.

दाणे मंद आचेवर खमंग भाजून, साले काढून, पूर्ण गार होऊ द्यावेत. त्यांतले १०० ग्रॅम थांबत थांबत फिरवून भरड कूट करावा. उरलेले ५० ग्रॅम मात्र फिरवतच राहावे. आधी कूट भांड्याच्या कडांना चिकटतो, मग त्याचा गोळा होतो, आणि या टप्प्यावर बहुतेक जणी मिक्सर बंद करतात. भांडे उघडून, कडा खरवडून, मोटर तापली असेल तर पाच मिनिटे विश्रांती देऊन पुन्हा फिरवले की गोळा सैल पडतो आणि दाण्याचे ओघळते लोणी तयार होते. लाडवाला लागणारा सगळा मऊपणा या लोण्यातून मिळतो, त्यामुळे वेगळे तूप किंवा खोबरेल तेल घालावे लागत नाही. तीळ आणि जवस वेगवेगळे भाजावेत. जवस तडतडू लागले की लगेच उतरवून बारीक करावे, कारण त्याची पूड ओलावा धरून ठेवते आणि बांधणीला मदत करते. डाळ्यांचे पीठ करून चाळून घ्यावे.

खजूर आणि दाण्याचे लोणी एकत्र फिरवून गुळगुळीत लगदा करावा आणि परातीत कोरडे जिन्नस पसरून त्यात तो तळहाताच्या टाचेने, कणीक मळतो तसा, रगडून मिसळावा. चमच्याने ढवळून हे काम होत नाही. मिसळल्यावर मिश्रण हवे त्यापेक्षा किंचित ओलसर वाटले पाहिजे. मग परातीवर झाकण ठेवून ते २० मिनिटे मुरू द्यावे. डाळ्यांचे पीठ, ओट्स आणि जवस या वेळात पाणी पितात. आधी सैल वाटणारे मिश्रण आवळून येते आणि कोरडे वाटणारे आणखी कोरडे होते. जे मिश्रण न मुरवता लगेच वळले जाते, त्याचे लाडू परातीत सुबक दिसतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांना भेगा पडतात. मुरल्यावर मुठीत दाबून एक मुटका करावा आणि अंगठ्याने मध्ये दाबून पाहावा. कडा फाटल्या तर एक लहान चमचा पाणी शिंपडून पुन्हा रगडावे आणि पुन्हा पाच मिनिटे थांबावे. तळहातावर तेलाचा थर राहिला तर डाळ्यांचे पीठ चमचाभर वाढवावे. खळगा पडला आणि कडा अखंड राहिल्या, की वळायला घ्यावे. आधी मुठीत दोन-तीनदा घट्ट आवळून मगच गोल फिरवावे. आवळल्याशिवाय फिरवलेला लाडू आतून पोकळ राहतो.

खजुराऐवजी गूळ वापरायचा असेल तर मऊ, साधा गूळ घ्यावा, चिक्कीचा गूळ घेऊ नये. १२० ग्रॅम किसलेला गूळ दोन चमचे पाण्यात फक्त विरघळेपर्यंत गरम करावा. तो उकळू लागला आणि त्याला तार आली, तर लाडवाची चिक्की होईल.

आता कडकपणाविषयी. ताईंच्या दुसऱ्या खेपेत दोन वेगवेगळी कारणे एकत्र आली. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सियसच्या खाली थिजते, त्यामुळे फ्रिजमध्ये ते मेणासारखे घट्ट होणारच, तुपाचेही तेच. दाण्याचे तेल फ्रिजच्या थंडीतही बहुतांशी पातळ राहते, म्हणून दाण्याच्या लोण्याचा लाडू फ्रिजमधून काढल्यावर पंधरा मिनिटांत पुन्हा मऊ होतो. दुसरे कारण व्हेच्या भुकटीचे आहे आणि ते अधिक चिवट आहे. प्रथिनांची भुकटी पाण्यासाठी सतत भुकेली असते. मिश्रण केले तेव्हा तिला पुरेसे पाणी मिळाले नाही, तर ती पुढचे काही दिवस मधातला आणि खजुरातला ओलावा ओढत राहते, प्रथिनांचे कण एकमेकांना बिलगत जातात आणि लाडू दिवसागणिक चिवट व कडक होतो. प्रथिनांच्या तयार वड्या बनवणाऱ्या कारखान्यांनाही ही अडचण भेडसावते.

म्हणून भुकटी घालायचीच असेल तर एकूण मिश्रणाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास ठेवावी. वर दिलेल्या प्रमाणाला ६० ग्रॅम पुरे. ती खजुराच्या लगद्यात आधी न मिसळता, बाकी सर्व मिश्रण एकजीव झाल्यावर शेवटी चाळणीतून भुरभुरावी आणि तिच्यासाठी आणखी दोन-तीन लहान चमचे पाणी घालून मिश्रण अर्धा तास मुरवावे. गरम गुळात भुकटी टाकू नये, तिच्या गुठळ्या होतात. गरम केल्याने प्रथिने ‘मरतात’ असे जे सांगितले जाते ते खरे नाही. त्यांचा पोत बिघडतो, पोषण बिघडत नाही. एका जातीच्या भुकटीऐवजी दुसरी तेवढ्याच वजनाने बदलू नये, हेही ध्यानात ठेवावे. व्हे थोड्याशा पाण्यात चिकट होते, तर वाटाण्याच्या प्रथिनांची भुकटी कितीतरी अधिक पाणी पिते. डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आहे याची खात्री करून घ्यावी आणि बिनस्वादाची भुकटी निवडावी. चॉकलेटच्या किंवा व्हॅनिलाच्या स्वादाच्या भुकटीत बहुधा कृत्रिम गोडवा आधीच असतो आणि खजुराबरोबर तो असह्य होतो.

भुकटी घालावीच का, याचे उत्तर आकडे पाहून द्यावे लागेल. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, डाळ्यांत २१, ओट्समध्ये १३, तीळ आणि जवस यांत १८, आणि खजुरात जेमतेम सव्वादोन. वरच्या सगळ्या प्रमाणाची बेरीज ७८ ग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे २५ ग्रॅमच्या एका लाडवात सुमारे पावणेचार ग्रॅम प्रथिने आणि १०० उष्मांक. १०० ग्रॅमला ७५ ग्रॅम प्रथिने असलेली ६० ग्रॅम व्हे घातली, तर तेवढ्याच वजनाच्या लाडवात पाच ग्रॅमच्या किंचित वर प्रथिने येतात. तीच ६० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी घातली तर सव्वाचार. तुलनेसाठी सांगते, एका मध्यम अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि उष्मांक ७० च्या आसपास. म्हणजे महागडी भुकटी घालूनही एक लाडू एका अंड्याची बरोबरी करत नाही, आणि प्रत्येक लाडवाबरोबर खजुरातली सुमारे पाच ग्रॅम साखर पोटात जाते.

ताईंना हे वाचून थोडे वाईट वाटेल, पण मुलाच्या हितासाठी हे स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. हा लाडू उत्तम खाऊ आहे. फरसाण, बिस्किटे आणि इंदूरच्या सराफा बाजारातले रात्रीचे खाणे यांच्या जागी तो आला तर त्यासारखे दुसरे काही नाही. परंतु तो जेवणाची जागा घेणारा नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये प्रौढांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. ६० किलो वजनाच्या मुलाला हे सुमारे ५० ग्रॅम होतात. नियमित जड व्यायाम करणाऱ्याची गरज याहून काही अधिक असते, तरी ती वरण, उसळ, दही, पनीर, दूध आणि घरात चालत असतील तर अंडी यांतून सहज भागते. २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत राष्ट्रीय पोषण संस्थेने शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या घेणे टाळावे असेच सांगितले आहे. माझा सल्ला असा, की भुकटी वगळावी, व्यायामानंतर दोन लाडू आणि पेलाभर दूध द्यावे. लाडवांतून साडेसात आणि २०० मिलिलिटर दुधातून सुमारे साडेसहा, मिळून १४ ग्रॅम प्रथिने होतात, आणि तीही घरात आधीच असलेल्या वस्तूंतून. या मिश्रणात हरभरा आणि तीळ एकत्र ठेवण्यामागेही विचार आहे. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी लायसिन हरभऱ्यात भरपूर आणि मेथिओनिन कमी असते, तिळात याच्या नेमके उलट, त्यामुळे एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

सोयाबीनचा प्रश्न माळव्यात विचारला जाणे स्वाभाविक आहे. आपल्या भोवतीच्या शेतांतून खरिपात दुसरे पीक क्वचित दिसते, आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेची सोयाबीन संशोधन संस्थाही इंदुरातच, खंडवा रस्त्यावर आहे. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असलेले हे धान्य लाडवात जरूर घालावे, पण कच्चे दळून मुळीच नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये पाचकरसातल्या, प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात. त्यामुळे प्रथिने अंगी लागत नाहीत आणि पोट बिघडते. माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका कुटुंबात गिरणीतून आणलेले कच्च्या सोयाबीनचे पीठ आठवडाभर लाडवातून खाल्ले गेले आणि घरातल्या सर्वांची पोटे फुगली. कारण सापडायला आम्हांला बराच वेळ लागला. सोयाबीन थंड पाण्यात भिजवत न ठेवता सरळ उकळत्या पाण्यात टाकावे आणि २५ मिनिटे उकळावे. असे केल्याने पाचनाला अडथळा करणारे घटक निकामी होतात आणि तो नकोसा वाटणारा कच्च्या शेंगेचा वासही पुष्कळ कमी येतो. नंतर चोळून साले काढावीत, दाणे कडक उन्हात खडखडीत वाळवावेत, मंद आचेवर तांबूस भाजावेत आणि मग दळावेत. १०० ग्रॅम डाळ्यांपैकी ४० ग्रॅमच्या जागी हे पीठ घ्यावे. त्याहून अधिक घातल्यास चव सोयाबीनचीच लागते.

टिकण्याविषयी थोडे सावध राहावे. कोरड्या खजुराचा, दोन-तीन चमच्यांपेक्षा जास्त पाणी न घातलेला लाडू हिवाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस बाहेर राहतो. मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा आणि पावसाळ्याच्या दमट दिवसांत तो फ्रिजमध्येच ठेवावा. तेथे दहा-बारा दिवस चांगला राहतो. पाण्याऐवजी दूध घातले, किंवा केळे, ओले खोबरे असे काही मिसळले, तर फ्रिजमध्ये ठेवूनही दोन दिवसांत संपवावा. जवसाची पूड करून ठेवू नये, ती लवकर खवट होते. खवट वास आलेला लाडू वाया जाऊ नये म्हणून खाण्याचा आग्रह घरात कोणी धरला, तरी तो मानू नये.

धाकटी भावंडे असतील तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये, आणि पाच वर्षांखालील मुलाला देताना मिश्रणात एकही अख्खा दाणा किंवा मोठा तुकडा नाही हे पाहावे व लाडू दाबून चपटा करून बसवून खाऊ घालावा. घरात मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले कोणी असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा लाडू नेमाने देऊ नये. शेंगदाण्याची आणि तिळाची अॅलर्जी काहींना तीव्र असते, त्यामुळे मुलगा व्यायामशाळेतल्या मित्रांना डबा देणार असेल, तर आत काय काय आहे ते झाकणावर चिठ्ठी चिकटवून लिहून द्यावे.